पिवळ्या रंगावर कर: अमेरिकेच्या छोट्या गावांतली लोण्याची लढाई

‘ॲनालॉग पनीर’ हा शब्द काही वर्षांपूर्वी फारसा कुणाला ठाऊक नव्हता. आता छाप्यांच्या बातम्यांत आणि हॉटेलांच्या मेनूकार्डांवरच्या वादात तो सारखा भेटतो. दुधातल्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घालून केलेलं, दिसायला हुबेहूब पनीर, एवढाच त्याचा अर्थ. मग चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं बंदी घाला, कुणी म्हणतं नीट लेबल लावा आणि विकू द्या, कुणी म्हणतं त्याला वेगळा रंग द्या, म्हणजे बघताक्षणी ओळखू येईल.

हे सगळे उपाय अमेरिकेने करून पाहिलेत. पनीरवर नव्हे, लोण्यावर. दुधाच्या लोण्याला पर्याय म्हणून मार्गारिन बाजारात आलं आणि १८८६ पासून थेट १९६७ पर्यंत त्यावरून गावच्या किराणा दुकानात, घरच्या स्वयंपाकघरात आणि वॉशिंग्टनच्या संसदेत भांडण चाललं. गंमत अशी की मार्गारिन खाण्याला बऱ्याच ठिकाणी हरकत नव्हती. ते पिवळं दिसण्याला होती. ऐकून हसू येतं, पण त्या काळच्या छोट्या गावात लोणी म्हणजे काय होतं हे कळलं की ते जरा आवरतं.

लोणी म्हणजे घरातल्या बाईचा पैसा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, अमेरिकेच्या मध्यभागातलं शेतकरी घर डोळ्यांपुढे आणा. गव्हाचा पैसा वर्षातून एकदा येणार, नवऱ्याच्या हातात पडणार आणि कर्जाच्या हप्त्यात नाहीतर अवजारांत जिरणार. दर आठवड्याला घरात येणारा पैसा म्हणजे अंडी आणि लोणी. तो बाईच्या कष्टाचा आणि बऱ्याच घरांत बाईच्याच हुकमतीतला. दूध रुंद भांड्यांत ठेवायचं, साय काढायची, उंच लाकडी पिंपात दांड्याने घुसळायची, लोणी आलं की गार पाण्यात धुऊन ताक पुरतं काढून टाकायचं, मीठ मळायचं आणि लाकडी साच्यात दाबून त्याच्या वड्या पाडायच्या. साच्यावर फूल, पान, गाय असलं काहीतरी कोरलेलं असे. ते तिचं बोधचिन्हच.

शनिवारी ते लोणी गावच्या दुकानात जाई. दुकानदार तोलून घेई आणि रोख पैसे न देता वहीत तिच्या नावे जमा मांडे. त्या जमेतून कॉफी, साखर, कापड, बटणं, रॉकेल. या व्यवहारात एक मेख होती. एखादीचं लोणी सुंदर, तर दुसरीचं आंबूस, त्यात केस आणि धुळीचे कण. पण दुकानदार दोघींना सारखाच भाव देई. कमी भाव दिला की ती बाई दुखावणार, सगळं घर दुसऱ्या दुकानात जाणार आणि आधीची उधारी बुडणार. म्हणून तो हसून सगळं घेई आणि चांगलं निवडून ठेवून उरलेलं मागच्या बाजूला एकाच पिंपात ढकले. शहरात विकायला येणारं स्वस्त ‘दुकानी लोणी’ ते हेच. खवट, रंगाचे पट्टे पडलेलं, कधीकधी चाकांच्या वंगणाच्याच लायकीचं. हे पिंप लक्षात ठेवायला हवं, कारण मार्गारिनची पहिली स्पर्धा फुलाच्या साच्यातल्या वडीशी नव्हती, या पिंपाशी होती.

दुकान म्हणजे नुसतं दुकानही नव्हे. एका कोपऱ्यात टपालाची खणं असत, कारण खेड्यात बहुधा दुकानदारच पोस्टमास्तर असे. आणि पोस्टमास्तर कोण हे वॉशिंग्टनमध्ये कुठला पक्ष बसलाय यावर ठरे. १८८९ मध्ये बेंजामिन हॅरिसन राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा टपाल खात्यातल्या त्यांच्या माणसाने, जेम्स क्लार्कसनने, वर्षभरात तीसेक हजार खेड्यांतले पोस्टमास्तर बदलले. सरकार बदललं की पत्र आणायला जायचं दुकान बदलायचं! पत्र घ्यायला आलेला माणूस सौदाही तिथेच करणार, म्हणून ही नेमणूक दुकानदाराला सोन्याहून पिवळी. शेगडीभोवती बसून होणाऱ्या गप्पांत गव्हाचा भाव, सिनेटची निवडणूक आणि अमकीचं लोणी हे विषय एका दमात येत. १८९६ पासून टपाल थेट शेतकऱ्याच्या दारी जायला लागलं, १ जानेवारी १९१३ पासून पार्सलही, आणि कॅटलॉगवाल्या कंपन्यांनी या दुकानांची पुरती दैना केली. पण ते पुढचं. लोण्याचं भांडण पेटलं तेव्हा गावाचं राजकारण आणि गावचा बाजार एकाच छपराखाली होता.

मार्गारिन आलं कुठून?

फ्रान्समधून. तिसऱ्या नेपोलियनला आरमारासाठी आणि गरिबांसाठी स्वस्त, टिकाऊ असा लोण्याचा पर्याय हवा होता. हिप्पोलीत मेज-मूरिएस या रसायनतज्ज्ञाने १८६९ मध्ये तो शोधून दिला. गुरांची चरबी मंद आचेवर वितळवायची, तिच्यातला मऊ, तेलकट भाग वेगळा काढायचा आणि दुधाबरोबर घुसळायचा. एवढीच कृती. आजचं मार्गारिन वनस्पती तेलाचं असतं, पण सुरुवात चरबीने झाली.

अमेरिकेत ही कृती शिकागोच्या मांस कारखानदारांच्या पथ्यावर पडली. आर्मर, स्विफ्ट अशा कंपन्या रोज हजारो जनावरं कापत होत्या आणि चरबीचं काय करायचं हा त्यांचा प्रश्न होता. मेणबत्ती आणि साबणात जाणारी चरबी ब्रेडवर लावता आली तर किंमत कितीतरी वाढणार. त्यामुळे गावकऱ्यांच्या नजरेत हे भांडण दोन खाद्यपदार्थांचं नव्हतंच. एका बाजूला गोठ्यातली आपली गाय, दुसऱ्या बाजूला शिकागोचा धूर ओकणारा कारखाना. राजकारण्यांना याहून सोपं चित्र कुठे मिळणार?

विस्कॉन्सिन राज्याला तर हा जीवनमरणाचा प्रश्न वाटला. तिथले शेतकरी आधी गहू पिकवत. जमिनीचा कस गेला, किडीने पिकं खाल्ली, तेव्हा विल्यम डेम्पस्टर होर्ड यांच्यासारख्या माणसांनी गावोगाव फिरून ‘गाय पाळा’ असा प्रचार केला. होर्ड यांनी १८८५ मध्ये दूधधंद्याचं नियतकालिक काढलं आणि पुढे ते राज्याचे गव्हर्नर झाले. नुकतीच गव्हाची शेती सोडून, कर्ज काढून गायी घेतलेल्या माणसाला कुणी सांगितलं की आता लोणी कारखान्यात चरबीपासून होतं, तर तो काय करेल? मत देताना तेवढं एकच लक्षात ठेवेल.

पिवळाच रंग का?

लोणी पिवळं असतं, कारण गाय हिरवं गवत खाते आणि गवतातलं कॅरोटीन, म्हणजे गाजरातलं तेच रंगद्रव्य, तिच्या दुधाच्या स्निग्धांशात उतरतं. (म्हशीच्या दुधात ते उतरत नाही, म्हणून आपल्याकडचं म्हशीचं घरचं लोणी पांढरंशुभ्र.) म्हणजे उन्हाळ्यात हिरव्या कुरणावर चरणाऱ्या गायीचं लोणी सोनेरी आणि हिवाळ्यात कडब्यावरच्या गायीचं फिकट. गिऱ्हाइकाच्या डोक्यात पिवळा म्हणजे ताजा, कसदार असं समीकरण बसलेलं. मग हिवाळ्यात काय? बायका गाजर किसून त्याचा रस सायीत घालत. पुढे शेंद्रीच्या बियांचा रंग बाटलीत मिळू लागला. आजही बटरच्या पाकिटावर घटकपदार्थ वाचलेत तर बहुधा हाच रंग सापडतो.

म्हणजे लोणीवाले स्वतः लोणी रंगवत होते. राजरोस. मार्गारिन मूळचं पांढरट, डुकराच्या चरबीसारखं दिसणारं. कारखानदारांनी त्यात तोच शेंद्रीचा रंग घातला, तेव्हा मात्र लोणीवाल्यांनी ‘चोर, चोर’ म्हणून आरडाओरडा केला. पिवळा रंग आमचा, तो बाकी कुणी वापरायचा नाही. या ढोंगावर त्या काळीही लोक बोट ठेवत होते. उत्तर ठरलेलं होतं: आम्ही लोण्याला लोण्याचाच रंग देतो, ते चरबीला लोण्याचा देतात.

बंदी सोडून कर का लावला?

इथे अमेरिकी राज्यव्यवस्थेचा एक बारकावा समजून घ्यावा लागतो. तिथे राज्याच्या हद्दीत काय विकावं हे ठरवायचा अधिकार मुख्यतः राज्यांचा. केंद्र सरकारला त्या काळी एखाद्या खाद्यपदार्थावर देशभर सरळ बंदी घालणं राज्यघटनेत बसवणं अवघड होतं. पण कर लावायचा अधिकार केंद्राकडे पुरेपूर होता. उत्पादनावर लावल्या जाणाऱ्या या कराला अबकारी कर म्हणतात. तो पुरेसा जबर लावला की बंदीचंच काम होतं.

१८८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी मार्गारिनच्या कायद्यावर सही केली. पौंडाला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला, २ सेंट कर. शिवाय परवाना शुल्क: कारखान्याला वर्षाला ६०० डॉलर, घाऊक व्यापाऱ्याला ४८०, किरकोळ दुकानदाराला ४८. खरा मार शेवटच्या आकड्याचा होता. शहरातल्या मोठ्या दुकानाला ४८ डॉलर जड नव्हते, पण आठवड्याला दहा-वीस पौंड मार्गारिन विकू पाहणारा गावचा दुकानदार एवढे पैसे भरणार कशाला? त्याने ते ठेवलंच नाही. छोट्या गावातून मार्गारिन बाहेर राहिलं.

१९०२ मध्ये कायदा आणखी कडक झाला, आणि रंगाची गोष्ट उघड झाली. रंगवलेल्या मार्गारिनवर पौंडाला १० सेंट आणि न रंगवलेल्यावर फक्त पाव सेंट. माल एकच, पण चाळीसपट कर केवळ पिवळेपणावर. त्यानंतरचा एक खटला तर कुणा विनोदी लेखकाने रचावा असा आहे. मॅक्रे नावाच्या ओहायोतल्या विक्रेत्याला दंड झाला, कारण त्याने पाव सेंटवालं तिकीट लावलेलं मार्गारिन विकलं आणि ते पिवळं निघालं. पिवळं कशाने? त्यात घातलेल्या थोड्या खऱ्या लोण्याने, जे लोणीवाल्याने रंगवलं होतं! लोण्यात तो रंग कायदेशीर आणि करमुक्त, आणि तेच लोणी मार्गारिनमध्ये पडलं की कर चाळीसपट. १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम ठेवला. कर लावण्यामागे संसदेचा हेतू काय, हे आम्ही बघणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

कारखानदारही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी मुळातच पिवळसर असणारी तेलं, उदाहरणार्थ पाम तेल, वापरायला सुरुवात केली. ‘आम्ही रंग घातलेलाच नाही.’ मग १९३१ मध्ये संसदेने ठरवलं की रंग कुठूनही आलेला असो, रंग मोजायच्या एका उपकरणावर पिवळेपणा १.६ अंशांच्या वर गेला की कर. देशाची संसद पिवळ्याची छटा दशांशात ठरवत बसली होती.

गुलाबी लोणी

काही राज्यं तर याहून पुढे गेली. व्हर्माँट, न्यू हॅम्पशर, वेस्ट व्हर्जिनिया यांनी कायदा केला की मार्गारिन विकायचं तर ते गुलाबी रंगवूनच विका. लेबल वाचता येवो न येवो, गुलाबी गोळा बघून कुणी फसणार नाही, हा वरवरचा युक्तिवाद. आतली गोष्ट अशी की गुलाबी लोणी ब्रेडला लावून खायची इच्छा कुणाला होणार? १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे मोडीत काढले. पदार्थात किळस येईल अशी भर घालायला लावणं ही आडवाटेने आणलेली बंदीच आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. पण त्याच न्यायालयाने १८९४ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा पिवळ्या मार्गारिनवरचा बंदीहुकूम मात्र मान्य केला होता. पिवळं करू नका असं सांगता येतं, गुलाबी करा असं सांगता येत नाही.

रंगाची पुडी, आणि कुणाच्या हाताला काम

पाव सेंट आणि दहा सेंट. या फरकाचं गणित करून कारखानदारांनी शक्कल लढवली. मार्गारिन पांढरंच विकायचं आणि सोबत रंगाची छोटी पुडी किंवा कुपी द्यायची. कारखान्यात रंगवलं तर कर, घरी बाईने रंगवलं तर कर नाही. रंगवायचं काम कायद्याने कारखान्याच्या यंत्राकडून काढलं आणि स्वयंपाकघरात आणून टाकलं.

ते काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. पांढरा गोळा आधी खोलीत ठेवून मऊ होऊ द्यायचा, पण वितळू द्यायचा नाही. मोठ्या वाडग्यात घेऊन त्यावर रंग टाकायचा आणि लाकडी चमच्याने दाबत, उलटत, पुन्हा दाबत राहायचं. सुरुवातीला नारिंगी ठिपके, मग लांब रेघा, मग संगमरवरासारखे पट्टे. मनगट भरून येईपर्यंत मळलं तरी कुठेतरी एक पांढरी शीर राहायचीच, आणि नेमकी ती पाहुण्याच्या ब्रेडवर उतरायची. घाई केली तर हात, ओटा, ॲप्रन सगळं पिवळं. १९४० च्या दशकाच्या अखेरीला जाड प्लास्टिकच्या पिशवीत मार्गारिन आणि आत रंगाची इवलीशी गोळी अशी पाकिटं आली. बाहेरून चिमटीत धरून गोळी फोडायची आणि पिशवी कणकेसारखी तिंबायची. हे काम पोरांकडे असे. पिशवीची फेकाफेकी होई, आणि कधीतरी ती फुटे.

रंग एवढा हवाच कशाला होता, असा प्रश्न पडेल. केकमध्ये घातलं, भाजीवर वितळवलं तर पांढरं की पिवळं कुणाला कळतंय? स्वयंपाकापुरतं बायका ते बिनरंगाचंच वापरत. रंग लागे तो जेवणाच्या टेबलावर, ब्रेडशेजारच्या बशीत. पांढरी बशी म्हणजे घरात पैशाची ओढाताण आहे याची जाहीर कबुली. दहा सेंटांचा कर गरिबाच्या पोटावर फारसा नव्हता, कारण स्वस्त मार्गारिन त्याला मिळतच होतं. तो त्याच्या अब्रूवर होता. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोचणारी बाब हीच वाटते.

आणखी एक विरोधाभास. हे सगळं शेतकरणीच्या घुसळणीचं रक्षण म्हणून चाललं होतं. पण तिची घुसळण मार्गारिनने थांबवलीच नाही. १८९० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातला स्निग्धांश झटपट मोजायची रीत शोधली आणि पेटंट न घेता सगळ्यांना दिली. आपल्याकडे संकलन केंद्रावर ‘फॅट किती लागली?’ म्हणून विचारतात, ती मोजणी याच कुळातली. आता पाणी घालणाऱ्याला आणि प्रामाणिक माणसाला वेगळा भाव देता येऊ लागला. दूध डेअरीत जायला लागलं, लोणी तिथल्या यंत्रावर व्हायला लागलं, एकसारखं आणि चांगलं. दुकानातलं ते पिंप गेलं. पण दुधाचा चेक बहुतेक घरांत नवऱ्याच्या नावाने येई, आणि शनिवारच्या वहीतली तिची जमा संपली.

पण फसवणूक होत होतीच ना?

होत होती, आणि भरपूर. सगळा दोष डेअरीवाल्यांच्या माथी मारणं बरोबर होणार नाही. खटारे भरून मार्गारिन येई, डबा उघडला की लेबल गायब, आणि काउंटरवर ते लोण्याच्या भावाने लोणी म्हणून विकलं जाई. खानावळी आणि बोर्डिंगवाले त्यात आघाडीवर. कर चुकवून पिवळं मार्गारिन विकणारे काहीजण तर लेव्हनवर्थच्या केंद्रीय तुरुंगात जाऊन आले. पाकीटबंद मालाचा जमाना यायच्या आधी, जेव्हा माल सुटा कापून कागदात बांधून मिळे, तेव्हा लेबलावर विसंबणं अवघडच होतं. त्या काळात रंगाचा नियम काहीसा पटण्याजोगा आहे.

पण पुढे एकेक पौंडाची छापील, सीलबंद पाकिटं आली, तरी नियम पन्नास वर्षं तसाच राहिला. फसवणूक थांबवणं एवढाच हेतू असता तर लेबल आणि जबर दंड पुरला असता. पांढऱ्या मार्गारिनवरही पाव सेंट कर आणि परवाना कशाला?

मग गिऱ्हाईक गप्प का बसलं?

हा प्रश्न जगातल्या कुठल्याही संरक्षक कराबद्दल विचारता येतो. सोसायटीच्या वार्षिक सभेचं उदाहरण घ्या. ज्या दोघांची पार्किंगची जागा जाणार असते ते वेळेआधी येऊन पहिल्या रांगेत बसतात, कागदपत्रं घेऊन. बाकीच्या साठ जणांना त्या ठरावाने वर्षाला शंभर-दोनशे रुपये जास्त पडणार असतात. ते घरी क्रिकेट बघतात. ठराव कुणाच्या बाजूने होणार? फायदा मोजक्या लोकांना मोठा आणि तोटा सगळ्यांना थोडा थोडा, अशी वाटणी असली की मोजके लोक जिंकतात. दूध उत्पादकाचं अख्खं उत्पन्न पणाला लागलेलं, गृहिणीचे आठवड्याचे काही सेंट. त्यात १९२० पर्यंत बऱ्याच राज्यांत बायकांना मताचा हक्कच नव्हता. दुकानात जाणारी एक आणि मत देणारा दुसरा.

या जोराची चुणूक १९४३ मध्ये आयोवा राज्यातल्या एम्स या गावी दिसली. तिथल्या सरकारी कृषी महाविद्यालयाच्या अर्थशास्त्रज्ञांनी युद्धकाळात काटकसर कशी करावी यावर पुस्तिका काढल्या. त्यातल्या एकीत म्हटलं होतं की मार्गारिन चवीला आणि पोषणाला लोण्याच्या तोडीचं आहे, त्यावरची बंधनं काढावीत. डेअरीवाले खवळले. महाविद्यालयाने पुस्तिका मागे घेतली आणि सुधारून पुन्हा काढली. विभागप्रमुख थिओडोर शुल्ट्झ यांनी राजीनामा दिला, पाठोपाठ बरेच सहकारी गेले. शुल्ट्झ शिकागो विद्यापीठात गेले आणि १९७९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

शेवटी कायदा पडला तोही गृहिणींच्या संतापाने एकट्याने नाही. दरम्यान मार्गारिन चरबीचं राहिलंच नव्हतं. तेल घट्ट करण्याची रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली आणि हळूहळू सरकी आणि सोयाबीनच्या तेलाचं मार्गारिन होऊ लागलं. सरकी दक्षिणेची, सोयाबीन देशाच्या मध्यभागाचं. आता मार्गारिनच्या मागेही शेतकरी उभे राहिले, आणि शेतकऱ्याविरुद्ध शेतकरी अशी संसदेत दुफळी पडली. त्यात दुसऱ्या महायुद्धात रेशनवर लोणी दुर्मिळ झालं आणि मार्गारिनची जिभेला सवय लागली. १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी केंद्रीय कर रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यात एक तरतूद होती: उपाहारगृहाने पिवळं मार्गारिन वाढलं तर तसा फलक लावावा किंवा मेनूवर लिहावं, आणि शिवाय प्रत्येक वडीसोबत लेबल द्यावं, नाहीतर वडी त्रिकोणी कापावी. साठहून जास्त वर्षांच्या रंगाच्या वादाची तोड आकारावर निघाली. मला तर हे सगळ्यात शहाणपणाचं कलम वाटतं.

विस्कॉन्सिनची शेवटची फळी

केंद्राचा कर गेला तरी राज्यांचे कायदे होतेच. विस्कॉन्सिनमध्ये १८९५ पासून पिवळ्या मार्गारिनवर बंदी होती आणि १९६७ पर्यंत ती टिकली, देशात सर्वांत शेवटपर्यंत. तोवर लोक काय करत? शनिवारी गाडी काढून शेजारच्या इलिनॉयमध्ये जात. हद्दीलगतच्या दुकानांचा त्यावर उत्तम धंदा चाले. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या याद्या घेऊन निघायचं आणि डिकी भरून आणायची. कायद्याच्या भाषेत ही तस्करी, आणि करणाऱ्या कोण, तर चर्चला नियमित जाणाऱ्या आज्या.

राज्याच्या सिनेटमध्ये डार्लिंग्टनचे गॉर्डन रोझलीप हे लोण्याचे कट्टर कैवारी. १९६५ मध्ये त्यांनी आव्हान स्वीकारलं: कुठलं कोणतं हे न सांगता नमुने द्या, चवीवरून ओळखून दाखवतो. त्यांनी चाखलं आणि मार्गारिनला लोणी म्हणाले. सगळीकडे हशा पिकला. पण खरी गोष्ट पुढे त्यांच्या घरच्यांकडून कळली. नवऱ्याच्या हृदयाची काळजी म्हणून बायको कित्येक वर्षं इलिनॉयहून आणलेलं मार्गारिन लोणी म्हणून त्यांना वाढत होती. त्यांची जीभ चुकली नव्हती. रोज लोणी म्हणून जे खाल्लं तेच त्यांनी ओळखलं.

आजही त्या राज्यात एक कलम शिल्लक आहे: गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय उपाहारगृहाने लोण्याऐवजी पिवळं मार्गारिन देऊ नये.

लोणी आरोग्याला चांगलंच होतं, मग कायदा बरोबर नव्हता का?

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो पोकळ नाही. १९१३ च्या सुमारास विस्कॉन्सिनमधल्याच संशोधनातून लोण्यात एक जीवनसत्त्व असल्याचं कळलं, ज्याला आपण आज ‘अ’ म्हणतो. तेव्हाच्या वनस्पतीजन्य मार्गारिनमध्ये ते नव्हतं. लोणीवाल्यांच्या हाती आयतंच हत्यार आलं. पुढे मार्गारिनमध्ये ते जीवनसत्त्व बाहेरून घालायला लागले. मग हृदयविकाराच्या काळजीने डॉक्टर लोणी सोडा म्हणू लागले. आणखी पुढे कळलं की तेल अर्धवट घट्ट करताना तयार होणारी ट्रान्स चरबी लोण्यापेक्षाही वाईट, आणि २०१५ मध्ये अमेरिकी अन्न प्रशासनाने असं तेल खाद्यपदार्थांत सुरक्षित नाही असं जाहीर केलं. पारडं तीनदा फिरलं. कर मात्र १८८६ मध्ये लागला, तेव्हा यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं.

हाच प्रश्न मुंबईत

भारतात हे भांडण वनस्पती तुपावरून झालं. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात वनस्पती बनू लागलं, डालडाचे डबे घरोघर गेले आणि साजूक तुपात त्याची भेसळ सुरू झाली. गांधीजींनीही विरोध केला. वनस्पतीला वेगळा रंग द्यावा ही मागणी जोरात होती आणि योग्य रंग शोधण्याचे प्रयत्नही झाले. पण चरबीत विरघळणारा, तापवल्यावर टिकणारा, सहज काढून टाकता न येणारा आणि शिवाय निर्धोक असा रंग काही हाती लागेना. सरकारने दुसरी वाट धरली. वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं.

तीळ कशाला? तिळाच्या तेलाचा अंश असलेलं तूप तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुरल नावाच्या रसायनाबरोबर हलवलं की तळाशी गुलाबी रंग येतो. म्हणजे तुपात वनस्पती मिसळलं की प्रयोगशाळेत ते पकडता येतं. कुणाच्या ताटात रंग नको, कुणाच्या मनगटाला काम नको, अब्रूचा प्रश्न नको. अमेरिकेच्या मानाने हा तोडगा मला कितीतरी सभ्य वाटतो. फक्त त्यात ओळखण्याची ताकद निरीक्षकाच्या हाती गेली, आणि तो दुकानात कधी येईल ते त्याच्यावर होतं. पाव किलो तूप घ्यायला गेलेल्या बाईच्या पिशवीत हायड्रोक्लोरिक आम्ल नसतं.